नैसर्गिक निवड : कर्त्यावाचून क्रिया

‘निवडणे’ हे सकर्मक क्रियापद असून त्याला निवडणारा कर्ता अपेक्षित असतो. चार्ल्स डार्विनने १८५९ साली मांडलेल्या ‘नैसर्गिक निवड’ या तत्त्वाविषयीच्या अनेक गैरसमजांचे मूळ या अपेक्षेत आहे. ही अडचण त्याच्या समकालीनांनाही जाणवली होती. ज्याला हेच तत्त्व स्वतंत्रपणे उमगले होते, त्या आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६६ साली डार्विनला पत्र लिहून, या संज्ञेमुळे निसर्ग हा कोणी विचारपूर्वक निवड करणारा आहे असा ग्रह होतो, हे निदर्शनास आणले व हर्बर्ट स्पेन्सरची ‘योग्यतमाचा टिकाव’ ही शब्दयोजना सुचविली. डार्विनने १८६९ च्या आवृत्तीत ती स्वीकारली. तथापि मूळ संज्ञा सोडली नाही.

वस्तुतः ही ‘निवड’ म्हणजे तीन गोष्टींच्या संयोगाचे फलित होय. एकाच समुदायातील प्राण्यांत परस्परभेद असावे लागतात. ते काही अंशी आनुवंशिक असावे लागतात. आणि त्यांच्यामुळे जगण्याच्या व संतती मागे ठेवण्याच्या प्रमाणात फरक पडावा लागतो. एवढे घडले की पुढील पिढीतील गुणांचे प्रमाण आपोआप पालटते. त्यासाठी कोणी योजक लागत नाही.

याचे उत्कृष्ट उदाहरण पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहात सापडते. तेथील डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून चार दशके फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालून, चोची मोजून त्यांनी पिढ्यांमागून पिढ्यांची नोंद ठेवली. १९७७ साली तेथे भीषण अवर्षण पडले. मऊ, बारीक बिया लवकरच संपल्या आणि मुख्यतः सराट्याच्याच गणातील एका वनस्पतीची टणक, काटेरी फळे उरली. ती फोडण्यास जाड चोच लागते. मध्यम आकाराच्या भू-फिंचांची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. जे वाचले त्यांत जाड चोचीचे पक्षी प्रमाणाने अधिक होते, आणि चोचीची जाडी बव्हंशी आनुवंशिक असल्याने त्यांच्या संततीतही ती उतरली.

येथे एक गोष्ट कटाक्षाने ध्यानात ठेवली पाहिजे. दुष्काळामुळे कोणत्याही पक्ष्याची चोच वाढली नाही. पक्षी एकतर जगला किंवा मेला. बदलली ती समुदायाची सरासरी. उत्क्रांती व्यक्तीची नसते, समुदायाची असते.

‘योग्यतम’ या शब्दाचा अर्थही या बेटावर स्पष्ट होतो. १९८२-८३ च्या अतिवृष्टीनंतर बेटावर बारीक बियांचे प्राबल्य झाले, आणि त्यानंतरच्या टंचाईत लहान चोचीचे पक्षी सरस ठरले. पुढे २००३-०४ मध्ये पुन्हा अवर्षण झाले. मात्र तोवर थोराड चोचीच्या दुसऱ्या एका जातीने बेटावर वस्ती केली होती, व टणक फळे तिनेच फस्त केली. परिणामी मध्यम भू-फिंचांत या वेळी लहान चोचीचे पक्षी तगले. अवर्षण दोन्ही वेळा होते, फळ मात्र उलट मिळाले. योग्यता ही प्राण्याच्या अंगचा स्थायी गुण नसून प्राणी आणि परिस्थिती यांमधील संबंध आहे.

असे बदल निरनिराळ्या बेटांवर निरनिराळ्या दिशांनी साचत गेले आणि समुदायांमधील संकर कमी झाला, म्हणजे एका जातीच्या अनेक जाती होतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एकाच पूर्वज जातीपासून या फिंचांच्या डझनाहून अधिक जाती निर्माण झाल्या आहेत. त्यांना विभक्त ठेवणाऱ्या कारणांपैकी एक म्हणजे नराचे गाणे. ते रक्तातून येत नाही. पिल्लू ते बहुधा पित्याकडून ऐकून शिकते. शिकलेला ध्वनीही अशा रीतीने जातींमधील सीमारेषा राखू शकतो.

म्हणून उत्क्रांतीविषयी मराठीत लिहिताना ‘-साठी’ या शब्दयोगी अव्ययाचा उपयोग जपून केला पाहिजे. ‘टणक फळे फोडण्यासाठी चोच जाड झाली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष, पण शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. कारण त्यात परिणामाला हेतूचे स्थान मिळते. ‘ज्यांची चोच जाड होती ते जगले, म्हणून पुढील पिढीत जाड चोची वाढल्या’ हे वाक्य लांब आहे. परंतु डार्विनचा सिद्धांत त्या लांबीतच सामावलेला आहे.