दर महिन्याची पेटी : टँकमधलं पाणी कुठलं?

मासे पाळणाऱ्या वर्गणीदारांना दर महिन्याला पाठवायच्या सामानाच्या पेटीचा दर कसा बांधायचा हे आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण संग्रामपूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न दराच्या आधी सुटायला हवा. ते लिहितात, निऑन टेट्रा दोन-तीनदा आणले, आठवडाभरात गेले. बदामाची वाळलेली पानं टाकली, पाकिटातलं मीठ टाकलं, उपयोग नाही. त्याच टँकमध्ये मोली मात्र पिल्लांवर पिल्लं देते. असं का?

मी उलट एवढंच विचारलं, पाणी कुठलं भरता? उत्तर आलं, बोअरचं.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती-अकोल्याकडून आपल्या बुलडाणा जिल्ह्यात येतो. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुऱ्याकडच्या बऱ्याच गावांत जमिनीतलं पाणी खारट. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. खारपाणातल्या कित्येक विहिरी ही दुसरी हद्दही ओलांडतात. निऑन हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या, पालापाचोळ्याने काळसर झालेल्या ओढ्यांतला मासा. तिथल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सारखं शिरत असतं. ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं आणि आतले क्षार राखायचे, यावर त्याचं जगणं चालतं, आणि निऑनची ही सगळी घडण मऊ पाण्यासाठी झालेली आहे. मोली मध्य अमेरिकेच्या किनारपट्टीकडची. खाडीच्या मचूळ पाण्यात ती वाढते, हळूहळू सवय केली तर समुद्राच्या पाण्यातही तगते.

बदामाच्या पानांचंही तेच. त्यातल्या टॅनिनने सामू उतरतो तो मऊ पाण्यात. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतात. रंग येतो, सामू हलत नाही. आणि खाऱ्या पाण्यात पाकिटातलं मीठ टाकून निऑनवरचा ताण वाढलाच.

महिन्याला पेटी पाठवणाऱ्याची सोय यात असते की सगळ्यांना एकच पेटी भरावी. माल घाऊक येतो, पॅकिंग झटपट होतं. आपल्या जिल्ह्यात हे चालणार नाही, असं माझं ठाम मत आहे. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकरकडे काळ्या पाषाणातलं विहिरीचं पाणी जड असतं, पण असं खारट नसतं. लोणारला तर सरोवराचा सामू 10 च्या आसपास, आणि वर काठावरच्या धारेचं पाणी गोड. म्हणून वर्गणीदाराच्या फॉर्मवर नाव-पत्त्याखाली पहिला रकाना पाण्याचा हवा : बोअर, विहीर, नळ की आरओचा जार. खारपाणातल्या पेटीतून मिठाचं पाकीट काढा, बदामाची पानं काढा, त्या पैशांत विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस पेन द्या. नळवाल्याला अँटी-क्लोरीन द्या.

जिवंत मासे पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही माझ्या जिव्हाळ्याची आहे, म्हणून जरा थांबतो. बंद पिशवीत मासा अमोनिया सोडतो आणि कार्बन डायऑक्साइडही. या वायूने सामू उतरतो, त्यामुळे बहुतेक अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो आणि सामू चढू लागतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असताना अमोनियाचा शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. 8 ला पाचेक टक्के, 9 ला एक तृतीयांशाहून जास्त. दुकानातून घरी आणलेल्या माशासाठी उघड्या पिशवीत कप-कप टँकचं पाणी घालण्याची पद्धत ठीक आहे. दीड-दोन दिवस प्रवास केलेल्या पिशवीत तीच पद्धत घात करते. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगवा, मग उघडा, जाळीने मासा लगेच टँकमध्ये सोडा, पिशवीतलं पाणी फेका. आणि क्षारांची सवय? ती पाठवणाऱ्याने आपल्याकडेच करून द्यायची. ग्राहकाच्या पाण्याशी मिळत्याजुळत्या पाण्यात मासा आठ-पंधरा दिवस ठेवायचा, मगच पाठवायचा. यात जागा अडते, पैसा अडतो, पण जो हे करेल त्याचा वर्गणीदार टिकेल.

खारपाणातल्या नवशिक्याला मी पहिला मासा गप्पीच सांगतो. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही भिंतीवरची ओळ वाचत आपण मोठे झालो. आरोग्य खात्याच्या पैदास हौदांतला हा साधा, करडा गप्पी जड आणि मचूळ पाण्यात निवांत वाढतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

संग्रामपूरच्या वाचकांना निऑनच हवे असतील तर मोलीचा टँक तसाच राहू द्या. निऑनसाठी दुसरा टँक घ्या. त्यात आरओचं पाणी भरून टीडीएस पेन 150 ते 200 दाखवेपर्यंत थोडं थोडं बोअरचं पाणी मिसळा. निव्वळ आरओ वापरू नका, त्यात सामू सांभाळणारं काहीच उरत नाही. वान धरणाच्या योजनेचा नळ घरात असेल तर ते पाणीही पेनने मोजून बघा आणि आकडा मला कळवा. पुढच्या आठवड्यात दर, आणि एसटी पार्सलचा हिशेब.