सी भाषेत नावाची नक्कल कशी करावी?

आपल्या व्यापारी बांधवांची मुले आज कॉम्प्युटर शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणी दुकानाच्या उधारीच्या खात्याचा प्रोग्राम सी भाषेत लिहायला घेतला, तर नावांची नक्कल करताना घोटाळा होऊ शकतो. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केली. ती वेगवान आहे, पण मेमरीतल्या जागेचा हिशोब आपल्यावरच सोडते.

आम्ही कापडवाले, म्हणून आमच्या धंद्यातले उदाहरण घेऊ. गोदामात तागा ठेवला आणि तो कोणत्या खणात आहे याची चिठ्ठी गल्ल्यात ठेवली. सी भाषेत मजकूर म्हणजे तागा आणि पॉइंटर म्हणजे ही चिठ्ठी. चिठ्ठीवरून दुसरी चिठ्ठी उतरवली म्हणून तागे दोन होत नाहीत. तसेच एक पॉइंटर दुसऱ्यात भरला की फक्त पत्ता उतरतो, मजकूर नाही.

याचा फटका कसा बसतो ते पाहा. प्रोग्राम प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव एकाच जागेत वाचतो आणि प्रत्येक खात्याला त्याच जागेची चिठ्ठी लावतो. शंभर नावे भरली की शंभरही खात्यांवर शेवटचेच नाव दिसते. रकमा बरोबर, देणेकरी चुकीचा! मग वसुली कोणाकडे करायची?

खरी नक्कल अशी होते :

१) स्ट्रलेनने मजकुराची लांबी मोजावी.

२) मॅलॉककडे त्याहून एक बाइट जास्त जागा मागावी. मजकूर संपल्याची शून्याची खूण तिथे बसते आणि स्ट्रलेन ती मोजत नाही. 'मालेगाव' इंग्रजी अक्षरांत ८ बाइट, म्हणून जागा ९ हवी. देवनागरीत, यूटीएफ-८ पद्धतीने, तेच नाव २१ बाइट. जागा २२ हवी. जागा मिळाली नाही तर मॅलॉक नल, म्हणजे कोरी चिठ्ठी देतो. ते आधी तपासावे.

३) स्ट्रकॉपीने मजकूर उतरवावा. जागा कमी पडली तर तो शेजारच्या खणात घुसून तिथला माल बिघडवतो.

४) काम संपल्यावर फ्रीने जागा परत करावी, पण एकदाच. परत केलेल्या खणाची चिठ्ठी पुन्हा वापरू नये.

पहिली तीन कामे स्ट्रडुप एकदम करते; फ्री मात्र आपल्यालाच करावे लागते.

दुकानमालकांनी प्रोग्राम हाती घेताना एवढे जरूर करावे : लागोपाठ दोन नावे भरावीत आणि पहिले खाते पुन्हा उघडून पाहावे. तिथे दुसरे नाव दिसले, तर उधारी लिहायला सुरुवात करू नये.