हक्क आणि आजार – भाग ७ : वीस मीटरची रेघ

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण कसं खराब होतं, ते मागच्या भागात पाहिलं. हाच आजार सरकारी तपासणीपुढे येतो तेव्हा काय होतं, ते आज ब्रिटनच्या उदाहरणावरून पाहू.

अपंगत्वापायी होणाऱ्या जादा खर्चासाठी तिथे १९९२ पासून डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स मिळत असे. २०१३ पासून कमावत्या वयाच्या लोकांसाठी त्याची जागा पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटने, म्हणजे ‘पिप’ने घेतली आणि जुन्या लाभार्थ्यांचीही फेरतपासणी सुरू झाली. पिप आजाराच्या नावावर मिळत नाही. आजारामुळे काय जमत नाही, त्याचे गुण मोजतात. हिंडण्याफिरण्याच्या भागात ८ गुणांना साधा दर मिळतो, १२ गुणांना वाढीव.

मेख आहे ती चालण्याच्या अंतरात. जुन्या भत्त्यात साधारण ५० मीटरचा हिशेब धरला जाई. पिपच्या वाढीव दरासाठी तो २० मीटरवर आला. काठी घेऊन २० ते ५० मीटर चालणाऱ्याला १० गुण, २० मीटरच्या पुढे जाताच येत नसेल तर १२. वीस मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या दोन एसटी गाड्यांची लांबी. फरक दोनच गुणांचा; पण वाढीव दर असेल तरच ती रक्कम १९७७ मध्ये सुरू झालेल्या मोटॅबिलिटी योजनेकडे वळवून गाडी, स्कूटर किंवा विजेवर चालणारी व्हीलचेअर भाड्याने घेता येते. फेरतपासणीत दर घटला की गाडी परत करावी लागते. स्कॉटलंडने २०२२ मध्ये स्वतःची वेगळी योजना आणली, तरी वीस मीटरची रेघ तिथेही राहिली.

एमएस मात्र रोज सारखा नसतो. तपासणीच्या खोलीत दारापासून खुर्चीपर्यंत धड चालत आलेल्या माणसाचा उजवा पाय परतताना उचलत नाही, चवडा फरशीला घासतो, आणि घरी पोचल्यावर उरलेला दिवस पलंगावर जातो. उकाडा वाढला, ताप आला की त्रास आणखी वाढतो. तपासनिसाला दिसतात ती खुर्चीपर्यंतची पावलं.

नियमांत याची दखल आहे, पण ती अनेकांना ठाऊक नसते. एखादी गोष्ट जमते असं धरायचं तर ती सुरक्षितपणे, नीट, गरजेइतक्या वेळा आणि वाजवी वेळात जमली पाहिजे. निरोगी माणसाच्या दुपटीहून अधिक वेळ लागला, तर तो वाजवी नाही. शिवाय चांगला दिवस नव्हे, अर्ध्याहून जास्त दिवसांची स्थिती धरायची. म्हणून ‘मी तीस मीटर चालतो’ हे उत्तर अर्धवट आहे. ‘एकदा चालतो, मग तासभर पुन्हा तेवढं जमत नाही, आठवड्यातले चार-पाच दिवस असेच जातात’ हे पूर्ण उत्तर.

निर्णय विरोधात गेला तर महिन्याभरात फेरविचार मागता येतो, आणि त्यानंतर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद. अलीकडच्या वर्षांत तिथे सुनावणी झालेल्या पिपच्या अपिलांपैकी निम्म्याहून अधिक अर्जदारांच्या बाजूने लागली आहेत. तेव्हा तिकडे राहणाऱ्या कुणा आप्ताकडे फेरतपासणीचा फॉर्म आला असेल, तर त्यांना आजपासूनच रोजची नोंदवही ठेवायला सांगा आणि पहिल्या नकारावर थांबू देऊ नका.

(पुढील भागात : भारतातला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यातल्या २१ प्रकारांमधला एमएस आणि ४० टक्क्यांची अट.)