जगज्जेता म्हणायचे कोणाला?

१३ जुलै २०२५ च्या मध्यरात्री आमच्या चाळीच्या जिन्यात पाच-सहा पोरे एका मोबाईलभोवती डोकी एकत्र करून बसली होती. तिकडे अमेरिकेत चेल्सी आणि पॅरिस सेंट-जर्मेन या दोन क्लबांचा अंतिम सामना चालला होता. चेल्सीने तो ३-० असा जिंकला आणि पोरांनी "वर्ल्ड चॅम्पियन!" म्हणून अशी आरोळी ठोकली, की दोन मजल्यांवरचे दिवे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकाने आम्हाला गाठले. "काका, वर्ल्ड कप तर अर्जेंटिनाकडे आहे ना? मग चेल्सी कशी काय वर्ल्ड चॅम्पियन?"

प्रश्न रास्त होता. वर्ल्ड कप हा देशांचा. क्लबांचे जगज्जेतेपद ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. चव्वेचाळीस वर्षे जगातले दोनच खंड आपापसात खेळून "जग जिंकले" असे म्हणत होते आणि बाकीच्या खंडांना दाराबाहेर उभे केले होते. म्हणून वाटले, ही हकिकत आपल्या घरातल्या मुलांना सांगितली पाहिजे.

सुरुवात १९६० साली झाली. युरोपच्या अजिंक्य क्लबाने दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्य क्लबाशी दोन सामने खेळावयाचे, एक याच्या घरी, एक त्याच्या घरी. इंटरकॉन्टिनेंटल कप असे त्याचे नाव. पहिला सामना ३ जुलै १९६० रोजी उरुग्वेची राजधानी माँटेविडिओ येथे झाला. एका बाजूला स्पेनचा श्रीमंत रेआल माद्रिद, तर दुसऱ्या बाजूला पेन्यारोल. हा पेन्यारोल क्लब १८९१ साली रेल्वेतल्या नोकरदारांनी आणि कामगारांनी उभा केलेला. त्या दिवशी गोल झाला नाही. सप्टेंबरात माद्रिदला मात्र रेआलने ५-१ असा धुव्वा उडवला. रेल्वेवाल्यांनी हार मानली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबाला हरवून कप नेला.

त्या काळचा नियमही मजेशीर होता. गोल मोजत नसत, विजय मोजत. १९६१ साली बेन्फिकाने घरी १-० ने जिंकले, पेन्यारोलने आपल्या घरी ५-० ने जिंकले, तरी हिशेब बरोबरीचाच धरला आणि तिसरा सामना खेळवावा लागला. तो पेन्यारोलने २-१ ने घेतला.

१९६२ सालचा सामना आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत. ब्राझीलचा सान्तोस आणि पुन्हा बेन्फिका. सान्तोसकडे पेले होता. लहानपणी लोकांचे बूट पॉलिश करून घराला हातभार लावणारा हा काळा मुलगा तोवर एकवीस वर्षांचा झाला होता आणि दोन वर्ल्ड कप त्याच्या नावावर होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली, अमेरिका खंडातल्या सगळ्या देशांत शेवटी. म्हणजे पेले मैदानात उतरला तेव्हा गुलामीत जन्मलेली माणसे कोठे कोठे हयातही असतील.

रिओला सान्तोसने ३-२ ने जिंकले. ११ ऑक्टोबरला लिस्बनमध्ये दुसरा सामना. बेन्फिका घरच्या मैदानावर, घरच्या लोकांपुढे. पेलेने एकट्याने तीन गोल मारले आणि एका वेळी फळ्यावर ५-० असा आकडा होता. शेवटच्या पाच मिनिटांत बेन्फिकाने दोन गोल फेडले एवढेच. लिस्बनचे प्रेक्षक आपल्या संघाचा पराभव पाहायला आले नव्हते, पण त्यांनी जे पाहिले ते तेथे पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

आता बेन्फिकाकडे पाहा. युरोपचा हा अजिंक्य संघ. त्याचा खेळाडू कोलुना हा मोझांबिकचा. त्याचा सर्वांत धारदार खेळाडू युसेबियो हाही मोझांबिकचाच, तेथल्या गरीब काळ्या वस्तीतला. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होते. याच पोर्तुगालची गोव्यातली सत्ता आधल्या डिसेंबरात, १९६१ साली संपली होती, पण मोझांबिकला १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली. तर मुद्दा असा, की आफ्रिकेचे पाय युरोपला चालत होते, आफ्रिकेचा क्लब चालत नव्हता. १९६४ पासून आफ्रिकेचे आणि १९६७ पासून आशियाचे स्वतःचे क्लब अजिंक्यपद सुरू झाले, तरी या कपात त्यांना जागा मिळाली नाही. दोन खंडांचा कप आहे म्हणून फिफा त्याला जागतिक मानावयास तयार नव्हती. वर्तमानपत्रे मात्र जिंकणाऱ्याला खुशाल जगज्जेता म्हणत होती.

आणि या दोघांनी तरी तो मान कसा राखला? १९६७ साली स्कॉटलंडच्या ग्लासगोचा सेल्टिक आला. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या गरिबांच्या मुलांना जेवण मिळावे, या कामासाठी निधी उभारण्याकरिता १८८७ साली या क्लबाची स्थापना झाली. त्याचे प्रशिक्षक जॉक स्टीन तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केलेले. युरोप जिंकलेल्या त्या अकरा जणांतला प्रत्येक जण ग्लासगोच्या तीस मैलांच्या आत जन्मलेला. अशा संघाबद्दल आमच्या मनात ओलावा असणारच. समोर अर्जेंटिनाचा रेसिंग क्लब. पहिला सामना सेल्टिकने जिंकला. अर्जेंटिनातला दुसरा सामना सुरू होण्यापूर्वीच सेल्टिकच्या गोलरक्षकाच्या डोक्यात काहीतरी येऊन लागले आणि त्याला खेळता आले नाही. तो सामना रेसिंगने घेतला. तिसरा सामना ४ नोव्हेंबरला माँटेविडिओत झाला. त्याला सामना म्हणावे की मारामारी, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. सहा खेळाडूंना पंचाने बाहेर काढले, त्यांतला एक तर गेलाच नाही! कार्देनासने लांबून मारलेल्या एका सुंदर गोलावर रेसिंग जिंकले, पण त्या गोलाची आठवण फार थोड्यांना राहिली. सेल्टिकच्या चालकांनी आपल्याच खेळाडूंना प्रत्येकी २५० पौंड दंड केला. चिडवल्यावरही हात उचलू नये हे खरे, पण मार खाल्लेल्याच्याच खिशात हात घालणे आम्हाला पटत नाही.

१९६९ साली याहून वाईट घडले. इटलीचा मिलान आणि अर्जेंटिनाचा एस्तुदियांतेस यांचा परतीचा सामना बुएनोस आयर्सला होता. मिलानकडून खेळणारा कोंबिन हा जन्माने अर्जेंटिनाचा, नंतर फ्रान्सचा नागरिक झालेला. त्याला इतके मारले, की नाक मोडून अंगातला शर्ट रक्ताने भरला. वर सामना संपल्यावर पोलिसांनी त्यालाच धरले, लष्करी नोकरी चुकवल्याचा आरोप ठेवून! पुढे सोडून दिले. अर्जेंटिनात त्या वेळी लष्करशहा ओंगानियाचे राज्य होते. जगभर छी-थू होताच त्याने एस्तुदियांतेसच्या तीन खेळाडूंना तुरुंगात टाकले. काहींना हा न्याय वाटला. आम्हाला वाटतो तो आपली अब्रू झाकण्याचा प्रकार.

यानंतर युरोपचे विजेते अंग काढून घेऊ लागले. १९७१ आणि १९७३ साली आयाक्स आला नाही, १९७४ साली बायर्न आला नाही, १९७७ साली लिव्हरपूल आला नाही. त्यांच्याऐवजी उपविजेते खेळले. १९७५ आणि १९७८ साली तर कप झालाच नाही. दोन खंडांचा जगज्जेता, आणि त्यातलाही एक खंड दुसऱ्या नंबराचा!

मग पैसा धावून आला. टोयोटा या मोटार कंपनीने खर्च उचलला आणि फेब्रुवारी १९८१ पासून हा कप जपानमध्ये एकाच सामन्याचा झाला. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला मोटारगाडी बक्षीस. १९८१ च्या डिसेंबरात झिकोच्या फ्लामेंगोने लिव्हरपूलला ३-० ने हरवले तो सामना याच काळातला. मारामाऱ्या थांबल्या, खेळ सुधारला, हे कबूल केले पाहिजे. पण गंमत बघा. पंचवीस सामने जपानच्या भूमीवर झाले, प्रेक्षक जपानी, पैसा जपानी, आणि खेळायला जपानी क्लब नाही. फुरुकावा इलेक्ट्रिक या विजेच्या तारा बनविणाऱ्या कंपनीच्या टीमने १९८६ च्या हंगामात आशियाचे अजिंक्यपद मिळवले होते. आशियाचा तो विजेता आपल्याच देशात चाललेल्या या कपात पाहुणासुद्धा नव्हता. मंडप आमचा, स्वयंपाक आमचा, पंगत मात्र दुसऱ्यांची.

टोकियोत १९९८ साली ब्राझीलचा वास्को द गामा रेआल माद्रिदकडून २-१ ने हरला. निकाल विसरला तरी चालेल, क्लब विसरू नये. १९२३ साली या वास्कोने रिओचे अजिंक्यपद काळ्या, मिश्रवर्णी आणि कामगार खेळाडूंच्या जोरावर जिंकले. शहरातल्या बड्या क्लबांना ते झोंबले. त्यांनी १९२४ साली नवी संघटना काढली आणि वास्कोला सांगितले, तुमचे बारा खेळाडू काढा, मग आत या. कारणे काय दिली? त्यांचा धंदा प्रतिष्ठेचा नाही, त्यांना लिहिता-वाचता येत नाही. वास्कोचे अध्यक्ष प्रेस्तेस यांनी पत्र लिहून कळवले, की खेळाडू काढणार नाही, तुमच्या संघटनेत आम्हीच येत नाही. तीन वर्षांनी वास्कोने स्वतःचे मोठे मैदान बांधले. तेही सभासदांच्या आणि चाहत्यांच्या वर्गणीतून. आमच्या वाचकांना यातले काही समजावून सांगण्याची गरज आहे असे वाटत नाही.

सगळ्या खंडांना एका मैदानावर आणणारी स्पर्धा फिफाने प्रथम जानेवारी २००० मध्ये ब्राझीलला घेतली. आठ संघ होते. मोरोक्कोचा राजा कासाब्लांका तिन्ही सामने हरला, पण रेआल माद्रिदला त्याने ३-२ पर्यंत झुंजवले. अंतिम सामन्यात कोरिंथियन्सने वास्कोला पेनल्टीवर हरवले. कोरिंथियन्स हाही १९१० साली साओ पावलोच्या कामगारांनी काढलेला क्लब. पुढे पैशाचे गणित कोसळले आणि स्पर्धा बंद पडली. ती २००५ साली परत सुरू झाली. तोवर म्हणजे २००४ पर्यंत जुना कप चालला. त्रेचाळीस वेळा तो झाला. दक्षिण अमेरिकेने २२ वेळा आणि युरोपने २१ वेळा जिंकला.

दार उघडल्यावर काय झाले? १४ डिसेंबर २०१० रोजी अबू धाबीला काँगोच्या लुबुंबाशी या तांब्याच्या खाणींच्या शहरातला टी. पी. माझेंबे हा क्लब ब्राझीलच्या इंटरनासिओनालसमोर उभा राहिला. कोणी त्याला हिशेबात धरले नव्हते. माझेंबेने २-० ने जिंकले. गोलरक्षक किडियाबा जमिनीवर बसून, बसल्या बसल्या उड्या मारत मैदानावर पुढे सरकत राहिला. ती त्याची आनंद साजरा करण्याची रीत, आणि ती पाहून आम्हीही घरात हसत होतो. युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या बाहेरचा क्लब इतिहासात प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे तो इटलीच्या इंटरकडून ३-० ने हरला. येथे एक तारीख सांगावीशी वाटते. काँगो स्वतंत्र झाला ३० जून १९६० रोजी, आणि या कपाचा पहिला चेंडू माँटेविडिओत उडाला त्यानंतर तीनच दिवसांनी. आत येण्यासाठी पन्नास वर्षे लागली.

त्यानंतर २०१३ साली राजा कासाब्लांकाने रोनाल्डिन्होच्या संघाला ३-१ ने हरवून अंतिम फेरी गाठली. २०१६ साली जपानच्या काशिमा अँटलर्सने रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत खेचले. ज्या जपानने पंचवीस सामने नुसते भरवले होते, त्याच जपानचा हा क्लब.

जुन्या विजेत्यांना फिफाने जगज्जेते म्हणून मान्यता दिली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, आणि तो निर्णय झाला आपल्या कोलकात्यात भरलेल्या बैठकीत. पेलेचा सान्तोस, रेल्वेवाल्यांचा पेन्यारोल, सगळे कागदोपत्री जगज्जेते झाले. त्या खेळाडूंच्या वाट्याला हा मान आला याचा आम्हाला आनंदच आहे. पण ज्यांना त्या चव्वेचाळीस वर्षांत खेळूच दिले नाही, त्यांची नोंद त्या कागदावर कोठे करणार?

आता २०२५ सालची गोष्ट, जी आमच्या पोरांनी जिन्यात बसून पाहिली. बत्तीस संघ. न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीचे खेळाडू पोटासाठी दुसरी नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव करतात. कामावरून रजा काढून ते अमेरिकेला गेले. बायर्नने त्यांना १०-० ने हरवले. पण त्याच संघाने अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला १-१ असे रोखले, आणि तो गोल मारणारा ग्रे हा शिक्षकी पेशातला तरुण होता. सौदी अरेबियाच्या अल हिलालने तर मँचेस्टर सिटीला ४-३ ने घरी पाठवले. मात्र येथे डोळे उघडे ठेवावेत. अल हिलाल हा काही गरिबांचा क्लब नाही, त्याच्यामागे तेलाचा पैसा आहे. खंडाचे दार उघडले तरी पैशाचे दार वेगळेच असते.

हाच अल हिलाल ६ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाच्या स्पर्धेत मुंबई सिटीशी खेळून गेला होता. आपण ०-२ ने हरलो. आम्ही हे सांगितले तेव्हा तो पोरगा म्हणाला, "फक्त दोनच?" मग त्याने विचारले, की आशियाला जागा किती. आम्ही सांगितले, बत्तीसमध्ये चार. युरोपला बारा, दक्षिण अमेरिकेला सहा.

"आणि आशियात देश किती, काका?"

फुटबॉल संघटनेच्या हिशेबाने सत्तेचाळीस.