कातडी ओळखा, मग मलम निवडा

भोसरीच्या एखाद्या कारखान्याची पाळी सुटते तेव्हा फाटकाशी जरा उभे राहा. लेथवर काम करणाऱ्या कुणाच्या हातावर बारीक पुटकुळ्या दिसतील, चाकणच्या वाटेवर दुचाकीने जाणाऱ्या पोरापोरींचे चेहरे उन्हाने रापलेले दिसतील. यांतले पुष्कळजण काही ना काही मलम लावतात, आणि ते बहुधा मित्राने सांगितलेले असते. मित्राची कातडी निराळी, हे ध्यानात कोण घेतो?

तेव्हा आधी आपली त्वचा कोणत्या जातीची ते पाहावे. त्याला यंत्र लागत नाही. सौम्य साबणाने तोंड धुवावे, टिपावे आणि काही न लावता तासभर बसावे. चेहरा चकाकला तर त्वचा तेलकट, ओढल्यासारखा वाटला तर कोरडी. कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे, अशी मिश्र त्वचाही असते. जी थोडक्यात लाल होते, चुणचुणते, ती नाजूक.

तेलकट त्वचेच्या छिद्रांत तेल आणि मेलेली कातडी अडकली की मुरुमे येतात. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून ते छिद्रात उतरते. एक ते दोन टक्के पुरे. बेंझॉइल पेरॉक्साइड मुरुमांतल्या जंतूंवर चालते. त्याचे अडीच टक्के बहुधा दहा टक्क्यांइतकेच काम करतात आणि आग कमी होते. (टॉवेलाचा रंग मात्र ते उडवते, घरात बोलणी बसण्याआधी पांढरे फडके घ्या.) ॲडापॅलीन हे झोपण्यापूर्वी लावायचे, वाटाण्याएवढे सगळ्या चेहऱ्याला, आणि आरंभी एक दिवसाआड. गरोदर बाईने ते लावू नये. तिसऱ्या पाळीच्या कामगाराची रात्र दिवसा असते. त्याने झोपताना लावावे, उठल्यावर धुवावे आणि उन्हात निघताना ऊनरोधक मलम लावावे.

आता जोडी कशाची कुणाशी? ॲडापॅलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड यांचे पटते. पण ट्रेटिनॉइन हे त्याच कुळातले औषध पेरॉक्साइडने निकामी होऊ शकते, म्हणून एक सकाळी, एक रात्री. ॲडापॅलीन आणि आम्ले एकाच वेळी लावली तर कातडी सोलवटते. एका वेळी एकच नवे औषध सुरू करावे, नाहीतर आग कशाने झाली हे कळायचे कसे? आणि गुण दिसायला आठ-बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत औषध बदलणाऱ्याला कुठलेच लागू पडत नाही.

कोरड्या त्वचेला ही आम्ले फारशी मानवत नाहीत. कूलंटमध्ये हात भिजून भेगा पडल्या असतील तर अंग ओलसर असतानाच युरियाचे मलम किंवा पेट्रोलियम जेली लावावी. भेग उघडी असेल तर युरिया झोंबतो, तेव्हा जेलीच बरी. रॉकेल किंवा थिनरने हात धुण्याची सवय सोडावी. आणि तेलाचे फडके पँटच्या खिशात ठेवणाऱ्याच्या मांडीवर पुटकुळ्या आल्या, तर मलमाआधी पँट बदलावी.

खरा घात होतो तो वेगळ्याच मिश्रणाने. गोरे करणारे किंवा खाज थांबवणारे म्हणून मिळणाऱ्या कित्येक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी स्टेरॉइडे असतात. चेहरा चार दिवस उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, केस उगवतात, पुळ्या येतात. नायट्यावर लावले तर खाज थांबते आणि आत बुरशी पसरत राहते. बुरशीला बुरशीचेच औषध लागते. ते शोधण्याचे काम आपल्याच गावी झाले आहे : १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. त्या जीवाचे नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. तरी ती हातोहात मिळतात. नळीवरची अक्षरे इंग्रजी आणि बारीक असतात. घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. गुरुजींनीही वर्गात एक रिकामी नळी वाचायला द्यावी. स्टेरॉइडचे मलम महिनोन्‌महिने लावले असेल, तर ते एकदम बंद केल्यावर त्रास उफाळतो, म्हणून आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा. जाताना नळी खिशात असू द्या. तिच्यावरची नावे त्यांना वाचायची असतात.