भूमध्य सागरातील इजिप्तचे वायुधन

इजिप्त म्हटले की नाईल नदी आणि पिरॅमिड डोळ्यांसमोर उभे राहतात. या देशाच्या आजच्या जीवनाचा मोठा आधार मात्र भूमध्य सागराच्या तळाखालील नैसर्गिक वायू हा आहे. देशातील बहुतांश वीज या वायूपासून निर्माण होते. खत कारखानेही त्यावरच अवलंबून आहेत.

नाईलने युगानुयुगे वाहून आणलेला गाळ तिच्या मुखापासून समुद्रात दूरवर पसरला आहे. त्यातील वाळूच्या थरांत वायू साठून राहिला. १९६७ साली त्रिभुज प्रदेशात अबू माडी येथे, तर १९६९ साली अलेक्झांड्रियानजीक समुद्रात अबू किर येथे वायूचा शोध लागला.

झोहरचा शोध

ऑगस्ट २०१५ मध्ये एनी या इटालियन कंपनीस पोर्ट सैदपासून सुमारे १९० किलोमीटर अंतरावर झोहर हे प्रचंड वायुक्षेत्र सापडले. येथील वायू वाळूत नव्हे, तर प्राचीन चुनखडीच्या खडकात आहे. साठ्याचा अंदाज ८५,००० कोटी घनमीटर इतका वर्तविण्यात आला. मुंबई हाय येथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल असल्याने तळावर पाय रोवून मनोरे उभारता आले. झोहर येथे पाण्याची खोली १,४५० मीटर असल्यामुळे विहिरींची तोंडे समुद्रतळावरच बसवून वायू नळांवाटे किनाऱ्यावरील शुद्धीकरण केंद्रात आणला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २०१८ साली देश वायूबाबत स्वयंपूर्ण झाला.

विपुलता आणि टंचाई

ही स्वयंपूर्णता टिकली नाही. वायू उपसला जातो तसा खडकातील दाब घटतो. नव्या विहिरी खोदल्या नाहीत तर उत्पादन उतरणीस लागते. परकीय चलनाच्या तुटवड्यामुळे परदेशी कंपन्यांची देणी थकली आणि नव्या कामांचा वेग मंदावला. मागणी मात्र वाढतच राहिली. २०२३ व २०२४ च्या उन्हाळ्यांत नागरिकांना भारनियमन सोसावे लागले. एकेकाळी वायू निर्यात करणाऱ्या या देशाने २०२४ मध्ये द्रवरूप वायूची आयात पुन्हा सुरू केली. इस्रायलकडून नळांवाटे येणारा वायू जून २०२५ मधील युद्धामुळे थांबताच अनेक खत कारखाने बंद ठेवावे लागले.

आस्वानजवळ बेनबान येथे इजिप्तने विशाल सौर वीज प्रकल्प उभारला आहे. भूगर्भातील ठेव कितीही मोठी असली, तरी ती अक्षय नसते. ती हाती असतानाच पर्यायी साधनांची उभारणी करणे हेच खरे नियोजन होय.