क्रूझचं तिकीट काढलं, आता हातखर्चाचं काय?

वेतनवाढीचा करार झाला, फरकाची रक्कम खात्यात आली किंवा दिवाळीचा बोनस जमा झाला, की पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत सहलीचा विषय निघतो. पूर्वी तो अष्टविनायक, कोकण किंवा फार तर केरळपर्यंत जायचा. आता त्यात समुद्रावरच्या जहाजाची भर पडली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सुटू लागलं. १९९० मध्ये बांधलेलं हे जहाज आधी रॉयल कॅरिबियन या कंपनीकडे होतं. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा त्याच्या सफरी मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. २०२५ मध्ये मुंबई बंदरात बॅलार्ड पिअरचं नवं क्रूझ टर्मिनलही सुरू झालं. चाकणच्या कारखान्यात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाने कुटुंबासह चार दिवस समुद्र बघावा, ही फार चांगली गोष्ट आहे. तिथून परतल्यावर क्रेडिट कार्डाचं बिल बघून घर गप्प व्हावं, ही मात्र टाळता येण्यासारखी गोष्ट आहे.

या सफरींतले बहुतेक खर्च लपवलेले नसतात. ते बुकिंगच्या कागदावर आणि अटींच्या पानावर छापलेले असतात. आपण ते घरी वाचत नाही आणि जहाजावर चढल्यावर समजून घ्यायला लागतो, तिथे हिशेब चुकतो. म्हणून सर्रास ऐकू येणारे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : जाहिरातीतला आकडा गुणिले माणसं, म्हणजे एकूण खर्च.

वस्तुस्थिती : जाहिरातीत ‘प्रति व्यक्ती इतक्यापासून’ असं लिहिलेलं असतं. तो दर बहुधा सर्वांत स्वस्त, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचा आणि एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून काढलेला असतो. एकट्याने जायचं असेल, तर पूर्ण केबिनचे पैसे किंवा जवळपास तेवढे मोजावे लागतात. त्याच केबिनमध्ये तिसरा आणि चौथा माणूस असेल, तर त्यांचं भाडं बहुतेक वेळा कमी पडतं. ‘मुलं मोफत’ या योजनेत मोफत असतं ते मूळ भाडं. बंदर शुल्क, कर आणि सेवा शुल्क मुलांनाही लागू होतं. म्हणून एजंटला दर विचारू नका, कोटेशन मागा. त्यात भाडं, बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी वेगवेगळ्या ओळींत हवेत. शेवटची बेरीज पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

गैरसमज २ : तिकिटात सगळं आलं, जहाजावर पाकीट उघडायची गरज नाही.

वस्तुस्थिती : तिकिटात साधारणपणे केबिन, मुख्य भोजनगृहातलं आणि बुफेतलं जेवण, पोहण्याचा तलाव आणि बरेचसे कार्यक्रम येतात. मद्य, बाटलीबंद शीतपेयं, खास रेस्टॉरंटमधलं जेवण, स्पा, कपडे धुणं, छायाचित्रं, काही खेळ आणि कसिनो यांचे पैसे वेगळे असतात. बहुतेक कंपन्या बाहेरचं मद्य आणि घरी शिजवलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. त्यामुळे रेल्वेच्या सहलीसारखा पुरी-भाजीचा डबा नेऊन खर्च वाचवण्याचा बेत इथे चालत नाही. त्याची फारशी गरजही पडत नाही, कारण तिकिटातलं जेवण पोटभर असतं. भारतीय प्रवाशांच्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणही मिळतं.

हातखर्च खरा वाढतो तो पेयांनी आणि फोटोंनी. जहाजावरचे छायाचित्रकार दिवसभर फोटो काढतात आणि ते विक्रीला मांडतात. फोटो काढून घेतला म्हणून विकत घ्यायलाच हवा, असं कुणी म्हणत नाही. एक चांगला कौटुंबिक फोटो घ्यायचा की नाही, हे घरीच ठरवावं.

गैरसमज ३ : रोख पैसे चालत नाहीत, म्हणजे खर्चही कमी होतो.

वस्तुस्थिती : उलट घडतं. जहाजावर चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. केबिनचं दार त्यानेच उघडतं आणि शीतपेयाचे पैसेही त्यावरच नोंदले जातात. हे कार्ड तुमच्या क्रेडिट कार्डाला किंवा आगाऊ भरलेल्या रकमेला जोडलेलं असतं. नोट हातातून जात नसल्याने पैसे गेल्याचं जाणवत नाही आणि शेवटच्या सकाळी एकदम बिल समोर येतं. मुलांच्या कार्डावरही खर्च नोंदला जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात जाऊन मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या किंवा मर्यादा घालून घ्या. रोज रात्री खात्याचा तपशील तपासा. चुकीची नोंद असेल तर ती जहाजावरच दुरुस्त होते, घरी परतल्यावर ते काम अवघड जातं.

परदेशी जहाजांवर डेबिट कार्ड जोडताना सांभाळा. तिथे काही रक्कम आधीच अडकवून ठेवली जाते आणि ती मोकळी व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. तेवढ्यात घरकर्जाचा हप्ता आला, तर तो परत जाईल.

गैरसमज ४ : टिप आपल्या मर्जीवर असते.

वस्तुस्थिती : हॉटेलात ती मर्जीवर असते. क्रूझवर मात्र ती बहुधा सेवा शुल्काच्या नावाने दरडोई, दररोज आकारली जाते आणि मुलांनाही लागते. रॉयल कॅरिबियनने अलीकडच्या वर्षांत साध्या केबिनसाठी हे शुल्क माणशी दररोज सुमारे १८ डॉलर ठेवलं आहे. चौघांचं कुटुंब, चार रात्री, म्हणजे २८८ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी २४ हजार रुपयांच्या वर. ही रक्कम बुकिंगच्या वेळीच भरता येते का, ते विचारा आणि घरच्या हिशेबात तिकिटाच्याच रकान्यात लिहा. हे पैसे केबिन आवरणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या कामगारांच्या श्रमाशी जोडलेले आहेत. कामगारांच्या शहरातल्या माणसाला ते नाकारावेसे वाटणार नाहीत. फक्त ते आधी ठाऊक हवेत.

गैरसमज ५ : जहाज गोव्याला लागलं, की गोवा फुकट बघायला मिळतो.

वस्तुस्थिती : मोठी जहाजं मुरगाव बंदराला लागतात. ते वास्कोजवळ आहे, पणजीपासून साधारण ३० किलोमीटरवर. बंदरातून बाहेर पडून फिरायचं तर कंपनीची सहल घ्या किंवा टॅक्सी करा, दोन्हींचे पैसे वेगळे. कंपनीच्या सहलीचा एक मोठा फायदा आहे. ती उशिरा परतली, तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबतं. स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही आणि मग घरी परतण्याचा सगळा खर्च आपला. चार-पाच तासच हाती असतील, तर दोन कुटुंबांनी मिळून टॅक्सी करावी आणि जवळचंच एखादं ठिकाण गाठावं. लक्षद्वीपला उतरण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. तिथली सहल तिकिटात आहे की वेगळी, हेही आधी विचारा.

गैरसमज ६ : मोबाइल आपलाच आहे, त्यात खर्च कसला?

वस्तुस्थिती : किनाऱ्यापासून थोडं दूर गेलं, की आपलं नेटवर्क जातं. मग रोमिंग चालू असलेला फोन जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडू शकतो. त्याचे दर नेहमीच्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात. जहाज सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. वाय-फाय लागणारच असेल, तर एका फोनपुरतं पॅकेज घ्या. लाइनवरून किंवा शिफ्टमधून अडचणीचा फोन येण्याची शक्यता असेल, तर सहकाऱ्यांना तारखा आधीच सांगून ठेवा.

गैरसमज ७ : मेडिक्लेम आहे, काळजी नाही.

वस्तुस्थिती : जहाजावरचा डॉक्टर फी घेतो आणि ती तुमच्या खात्यावर टाकतो. तिथे ईएसआयसीचं कार्ड चालत नाही. कंपनीचा समूह विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतो. साध्या तपासणीचे पैसे त्यातून मिळत नाहीत आणि भारताबाहेर तर तो सहसा चालतच नाही. परदेशी सफरीसाठी प्रवास विमा हवाच. जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते वाचा.

बोट लागते की नाही हे आधी तपासण्याचा एक स्वस्त मार्ग मुंबईतच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून सुरू आहे. तासाभराच्या त्या प्रवासात घरातल्या कुणाला त्रास होतो, ते कळतं. मोठ्या जहाजाचं हलणं वेगळं असलं, तरी अंदाज येतो. डॉक्टरांना विचारून उलटीच्या गोळ्या चिंचवडलाच घ्या.

गैरसमज ८ : परदेशी क्रूझला खर्च म्हणजे फक्त डॉलर.

वस्तुस्थिती : डॉलरआधी रुपयांतलेच खर्च येतात. प्रौढ व्यक्तीच्या ३६ पानी पासपोर्टला साधी फी १,५०० रुपये आहे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. जहाज ज्या ज्या देशाला लागतं, तिथला व्हिसाचा नियम पाहावा लागतो. एखाद्या देशातून निघून पुन्हा तिथेच परतणार असाल, तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागू शकतो.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के असा तो होता. एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा १० लाखांवर गेली. हे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. हा पैसा बुडत नाही. आयकर विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण सहलीच्या वेळी तो हातात नसतो, हे लक्षात ठेवा.

भारतीय क्रेडिट कार्ड परदेशी चलनात वापरलं, की बँक मार्कअप लावते. तो साडेतीन टक्के असेल आणि खर्च ५० हजारांचा, तर १८ टक्के जीएसटीसह २,०६५ रुपये जादा जातात. मशीनवर ‘रुपयांत द्यायचे का’ असं विचारलं, तर नको म्हणा. तो दर सहसा महाग असतो.

गैरसमज ९ : एलटीए आहे, सगळी सहल करमुक्त.

वस्तुस्थिती : चाकण-भोसरीच्या कंपन्यांत हा गैरसमज फार जुना आहे. एलटीएची, म्हणजे रजा प्रवास भत्त्याची, करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. चार वर्षांच्या गटात दोन प्रवास, ते भारतातच, आणि फक्त जाण्यायेण्याचं भाडं. राहणं, जेवण आणि फिरणं त्यात येत नाही. क्रूझच्या तिकिटात भाडं, खोली आणि जेवण एकत्र असतं. त्यामुळे पूर्ण रकमेचं बिल लावता येईल असं गृहीत धरू नका. तिकीट काढण्याआधी कंपनीच्या अकाउंट्स विभागात लेखी विचारा.

गैरसमज १० : आत्ता कार्डावर घेऊ, बोनस आला की फेडू.

वस्तुस्थिती : कार्डाची थकबाकी पुढच्या महिन्यावर ढकलली आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असलं, तर ६० हजारांवर पहिल्याच महिन्यात २,१०० रुपये व्याज आणि त्यावर ३७८ रुपये जीएसटी लागतो. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क किंवा हुकलेली सूट असते. तेच ६० हजार महिन्याला सहा हजार याप्रमाणे दहा महिन्यांत बँकेच्या आवर्ती ठेवीत साठतात. भिशी लावायची तर ओळखीच्यांतच लावा. पण सहलीची तारीख भिशीच्या नंबरावर टांगू नका. पतसंस्थेचं कर्ज मुलांच्या प्रवेशासाठी आणि दवाखान्यासाठी राखून ठेवलेलं बरं.

आपल्या भागाला एक सोय आहे, ती वापरा. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शुक्रवार-शनिवारी सुटणाऱ्या सफरी साधारणपणे महाग असतात, आठवड्याच्या मधल्या स्वस्त. दिवाळी आणि नाताळ टाळून, गुरुवारला लागून रजा टाकली, तर तिकिटात वाचलेले पैसे हातखर्चाला उरतात. पावसाळ्यात मुंबईच्या सफरी बंद असतात, तेव्हा साठवायला सुरुवात करा.

हातखर्चाचा नमुना

चौघांचं कुटुंब, दोन रात्रींची गोव्याची सफर, तिकीट आणि सगळी शुल्कं आधीच भरलेली. हातखर्चाला समजा १२ हजार ठरवले. घर ते बंदर आणि परत, ३ हजार. गोव्याचा दिवस, साडेतीन हजार. जहाजावरची पेयं, फोटो आणि मुलांचे खेळ, ३ हजार. औषधं आणि अडीअडचण, अडीच हजार. आकडे तुमच्या घरानुसार बदला, रकाने मात्र चारही ठेवा. स्वतःच्या कारने गेलात, तर द्रुतगती मार्गाचा एका बाजूचा टोलच ३२० रुपये आहे आणि मुंबईतलं तीन दिवसांचं पार्किंग त्याहून कितीतरी जास्त. चिंचवडहून रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठलं, की बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळ आहे. बंदरावर प्रवेश ठरलेल्या वेळेला बंद होतो. घाटात अडकलो ही सबब तिथे चालत नाही, म्हणून थोडा वेळही हाताशी राखून ठेवा.

हातखर्चाचा हा कागद मुलांना सोबत बसवून लिहा. त्यांच्या वाट्याचे पैसे किती आणि ते कशावर खर्च करायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. घरी बसून ठरलेल्या रकमेपुढे जहाजावर हट्ट फार टिकत नाही. ओव्हरटाइम करून जमवलेल्या पैशाने केलेली सहल सगळ्या घराने मोकळ्या मनाने उपभोगावी आणि परतल्यावर पुढच्या पगारातून तिचा एक रुपयाही द्यायचा उरू नये. एवढं जमलं, तर ही सहल खऱ्या अर्थाने परवडली.